बहिःस्थ आचार्य

रसायन अभियांत्रिकी या नावाने जो विषय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विद्यापीठांतून शिकविला जात असे, त्यात शास्त्राचा अंश थोडा आणि हुन्नराचा अंश पुष्कळ होता, असे म्हटल्याने त्या काळच्या अध्यापकांचा अधिक्षेप होतो असे मी समजत नाही. मँचेस्टर येथे १८८७-८८ साली जॉर्ज डेव्हिस या कारखाना-निरीक्षकाने या विषयावर बारा व्याख्याने दिली. १८८८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेने त्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. आणि १९१५ साली आर्थर लिटल याने असे प्रतिपादन केले की कारखाना साखरेचा असो, साबणाचा असो की तेजाबाचा, त्यातील कामे पाहू गेल्यास ऊर्ध्वपातन, बाष्पीभवन, गाळण, वाळवण, दळण अशा मोजक्या ‘एकक प्रक्रियां’तच विभागता येतात. या एका विचारावर पुढील पिढी पोसली गेली. १९२३ साली वॉकर, लुइस आणि मॅकअ‍ॅडम्स या तिघांनी त्यावर जो ग्रंथ रचला तो दोन-तीन दशके या विषयाचा धर्मग्रंथच होऊन बसला. परंतु या साऱ्या व्यवस्थेत एक विलक्षण उणीव राहून गेली होती. कच्चा माल शुद्ध करण्याचे आणि तयार माल वेगळा काढण्याचे नियम बांधले गेले, पण ज्या पात्रात प्रत्यक्ष रासायनिक क्रिया घडते, ज्याच्यासाठी बाकीचा सारा कारखाना उभा असतो, त्या पात्राविषयी मात्र अनुभव, अंदाज आणि जुन्या नोंदी यांपलीकडे सांगण्यासारखे फारसे कोणाजवळ नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाने ही उणीव असह्य केली. विमानांना उच्च प्रतीचे पेट्रोल हवे होते, कृत्रिम रबर हवे होते, आणि १९४२ साली अमेरिकेत बॅटन रूझ येथे पेट्रोलियमचे उत्प्रेरकी विघटन करणारा अवाढव्य संच चालू झाला, तेव्हा अंदाजाने चालण्याचे दिवस संपत आले आहेत हे जाणत्यांना कळून चुकले. जर्मनीत डामकोलर आणि अमेरिकेत थीले यांनी विसरण आणि रासायनिक क्रिया यांच्या परस्परसंबंधाचे गणित १९४० पूर्वीच मांडले होते. पण ते वाचणारे थोडे आणि त्याचा उपयोग करणारे त्याहून थोडे होते. गणिताला या विषयाच्या दरबारात मानाची जागा मिळवून देण्याचे काम पुढे ज्यांनी केले, त्यांत रदरफर्ड अ‍ॅरिस या इंग्रज गृहस्थाचे नाव अग्रभागी येते; आणि गंमत अशी की, या गृहस्थाजवळ रसायन अभियांत्रिकीची पदवी नव्हती, एवढेच नव्हे तर त्याची कोणतीच पदवी विद्यापीठाच्या वर्गात बसून मिळविलेली नव्हती.

अ‍ॅरिसचा जन्म १५ सप्टेंबर १९२९ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथ या गावी झाला. वडिलांचा छायाचित्रे धुऊन छापून देण्याचा व्यवसाय होता, आणि त्या घरगुती रसायनांच्या सहवासात मुलाला रसायनशास्त्राची गोडी लागली असल्यास नवल नाही. कॅनफर्ड येथील शाळेत पिगट नावाच्या एका वृद्ध गणितशिक्षकाने त्याची बुद्धी हेरली. हे पिगट पूर्वी डार्टमथच्या नाविक महाविद्यालयात होते आणि निवृत्तीनंतर शाळेतील मुलांना शिकवीत होते. त्यांच्या उत्तेजनाने या मुलाने कुमारवयातच लंडन विद्यापीठाच्या बहिःस्थ परीक्षांची तयारी केली, आणि १९४८ साली गणितातील प्रथम वर्गाची पदवी त्याच्या नावावर जमा झाली. येथे मराठी वाचकाला एक गोष्ट सांगणे अस्थानी होणार नाही. वर्गात बसल्याची हजेरी न मागता केवळ परीक्षेवर पदवी देणारी लंडन विद्यापीठाची ही पद्धती १८५८ सालापासूनची. आणि त्याच लंडनच्या नमुन्यावर, १८५७ साली, आपले मुंबई विद्यापीठ स्थापन झाले होते. परीक्षा घेण्यापुरते अस्तित्व असलेल्या विद्यापीठाची आपल्याकडे पुष्कळ थट्टा झालेली आहे आणि ती बव्हंशी रास्तही आहे. परंतु साधनहीन किंवा अतिउत्साही विद्यार्थ्याला त्या दारातून आत येता येत असे, हेही नमूद केले पाहिजे.

पदवी हाती पडण्यापूर्वीच, १९४६ साली, हा सतरा वर्षांचा तरुण इंपीरिअल केमिकल इंडस्ट्रीज या बलाढ्य कंपनीत नोकरीस लागला होता. कंपनीने त्याचा वकूब ओळखून त्याला १९४८ ते १९५० अशी दोन वर्षे एडिंबरा विद्यापीठात गणिताच्या अध्ययनासाठी पाठविले. तेथे तो शिकला पुष्कळ, पण पदवी घेऊन आला नाही. पुढील पाच वर्षे बिलिंगहॅम येथे त्याने कंपनीच्या अभियंत्यांना गणिती साहाय्य पुरविण्यात काढली. उत्प्रेरकांच्या थरातून वायू वाहतो तेव्हा काय होते, उष्णता कोठे साठते, क्रिया कोठे थबकते, हे प्रश्न त्याला पुस्तकांतून नव्हे तर कारखान्याच्या गरजेतून भेटले. पुढे त्याच्यावर ‘कागदी गणिती’ असा आक्षेप घेणाऱ्यांनी त्याच्या आयुष्यातील हा कालखंड सोयीस्करपणे विसरलेला दिसतो.

याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे, मिनेसोटा विद्यापीठात, नील अ‍ॅमंडसन हा विलक्षण खातेप्रमुख आपले खाते नव्याने घडवीत होता. अ‍ॅमंडसन जन्माने मिनेसोटाचाच. रसायन अभियांत्रिकी शिकून काही काळ बॅटन रूझच्या तेलशुद्धी कारखान्यात नोकरी केलेला, आणि नंतर १९४५ साली गणितात पीएच.डी. मिळविलेला. १९४९ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्याच्या हाती रसायन अभियांत्रिकी खात्याची सूत्रे आली आणि ती त्याने पंचवीस वर्षे सोडली नाहीत. सहकारी आणि विद्यार्थी त्याला ‘चीफ’ म्हणत, आणि ते नाव शोभावे असाच त्याचा कारभार होता. नेमणुका करताना उमेदवाराने कोणत्या विषयाचा दाखला आणला आहे हे पाहण्याचा शिरस्ता त्याने बाजूला सारला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, रासायनिक भौतिकीचा पंडित, गणिती, असे ज्यांना इतर अभियांत्रिकी खात्यांच्या दारातही कोणी उभे केले नसते, असे लोक त्याने आणून बसविले. अमेरिकेच्या उत्तरेस, वर्षातील कित्येक महिने बर्फाखाली असणाऱ्या त्या मुलखात, किनाऱ्यावरील जुन्या धनाढ्य विद्यापीठांना मागे टाकणारे एक गुरुकुल उभे राहिले, ते असे.

१९५५ साली अ‍ॅमंडसन रजेवर केंब्रिजला आला असता अ‍ॅरिसची आणि त्याची गाठ पडली. पंचवीस वर्षांच्या त्या कंपनी-नोकराने एका वर्षासाठी मिनेसोटास येण्याची इच्छा दर्शविली, आणि समोरच्या मनुष्याने पदव्यांची चौकशी न करता ती मान्य केली. मोठ्या संशोधन-परंपरांचे मूळ पुष्कळदा अशा अनौपचारिक भेटीत सापडते. दप्तरात त्याची नोंद क्वचितच राहते.

ते एक वर्ष, १९५५-५६, फुकट गेले नाही. त्याच काळातील एका लेखाने अ‍ॅरिसचे नाव विज्ञानाच्या शब्दकोशात कायमचे जाऊन बसले आहे. प्रश्न दिसायला अगदी साधा. एका अरुंद नळीतून पाणी संथपणे वाहत आहे आणि त्यात एखाद्या रंगाचा लहानसा ठिपका सोडला. तर तो ठिपका पुढे जाताना किती पसरेल? नळीच्या मध्यभागी पाणी वेगाने धावते, कडेला जवळजवळ थांबलेले असते, त्यामुळे रंग लांबवर ओढला जातो. पण त्याच वेळी रेणूंचे विसरण त्याला मध्यातून कडेला आणि कडेकडून मध्यात नेत राहते, आणि म्हणून तो ओढला जाण्याला आळा बसतो. केंब्रिजचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९५३ साली या प्रश्नाचे उत्तर काही मर्यादांसह दिले होते आणि त्यातून एक विचित्र सत्य पुढे आले होते: रेणूंचे विसरण जितके मंद, तितका रंगाचा पट्टा अधिक लांब पसरतो. अ‍ॅरिसने १९५६ साली रॉयल सोसायटीच्या वृत्तांतात दुसरीच वाट दाखविली. रंग कोठे किती आहे याचे संपूर्ण चित्र काढण्याच्या खटाटोपात न पडता त्याने त्या वितरणाच्या सरासरीचे आणि विस्ताराचे गणित केले, म्हणजे सांख्यिकीत ज्यांना आघूर्ण म्हणतात त्यांचे; आणि टेलर यांच्या मर्यादा त्याने एका फटक्यात दूर केल्या. परिणामी विसरणाचे जे सूत्र मिळते त्यात रेणूंचे स्वतःचे विसरण एका बाजूला, आणि नळीच्या त्रिज्येचा वर्ग गुणिले सरासरी वेगाचा वर्ग, भागिले अठ्ठेचाळीस पट विसरणांक, हे दुसऱ्या बाजूला, अशी दोन पदे सरळ बेरजेने येतात. हे ‘टेलर-अ‍ॅरिस विसरण’ आज रक्तवाहिन्यांच्या अभ्यासकाला, वर्णलेखनाने द्रव्ये वेगळी करणाऱ्या रसायनज्ञाला आणि सूक्ष्म नलिकांची उपकरणे बनविणाऱ्याला सारखेच लागते.

त्याच सुमारास, १९५७ साली, त्याने आणखी एक लहान पण अत्यंत उपयोगी गोष्ट केली. उत्प्रेरकाच्या सच्छिद्र गोळ्यांत द्रव्य आतपर्यंत पोचण्यापूर्वीच क्रिया घडून जाते, त्यामुळे गोळीचा गाभा बेकार पडून राहतो. किती भाग कामी येतो हे थीलेच्या गणिताने सांगता येई, पण गोल, दंडगोल, चपटी अशा प्रत्येक आकारासाठी वेगळे सूत्र लागे. अ‍ॅरिसने दाखवून दिले की गोळीच्या घनफळाला तिच्या बाह्य पृष्ठफळाने भागून येणारी लांबी मापासाठी घेतली, तर या साऱ्या आकारांच्या वक्ररेषा जवळपास एकावर एक येऊन बसतात. कारखान्यातील गोळ्या भूमितीच्या पुस्तकातील आकृत्यांसारख्या सुबक नसतात, हे बिलिंगहॅमला पाच वर्षे काढलेल्या माणसालाच सुचावे.

मिनेसोटातील त्या एका वर्षाची मुदत संपल्यावर तो परत गेला आणि एडिंबऱ्यास अभियंत्यांना गणित शिकविण्याच्या हुद्द्यावर दोन वर्षे राहिला. पण मिनेसोटात जी हवा त्याला लागली होती ती तेथे नव्हती. त्याने अ‍ॅमंडसनशी पुन्हा संधान बांधले, आणि १९५८ साली तो साहाय्यक प्राध्यापक म्हणून अमेरिकेत दाखल झाला, तो कायमचाच. त्याच वर्षी त्याचा विवाहही झाला. देशांतर करणाऱ्या विद्वानांच्या कहाण्यांत छळ, युद्ध, निर्वासन यांचे प्रसंग आपण नेहमी वाचतो. अ‍ॅरिसच्या बाबतीत तसे काहीही नव्हते. त्याला कोणी घालवून दिले नाही. त्याच्या देशात त्याच्या कामाचे चीज करील असे खाते नव्हते आणि दुसऱ्या देशात होते, इतकेच; पण ‘इतकेच’ म्हणून सोडून देण्यासारखे हे कारण नव्हे.

१९५८ साली अ‍ॅरिस आणि अ‍ॅमंडसन यांनी रासायनिक पात्राच्या स्थैर्यावर आणि नियंत्रणावर जे तीन लेख ओळीने प्रसिद्ध केले, त्यांनी या विषयाचे एक युग सुरू केले असे म्हणण्यास हरकत नाही. सतत ढवळल्या जाणाऱ्या पात्रात उष्णता देणारी एखादी क्रिया चालू आहे अशी कल्पना करावी. तापमान वाढते तशी क्रिया वेगाने होते आणि अधिक उष्णता निर्माण होते. मात्र मूळ द्रव्य संपत आले की ही वाढ थांबते. म्हणून निर्माण होणाऱ्या उष्णतेची रेषा नागमोडी येते. बाहेर काढून नेली जाणारी उष्णता मात्र तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढते. या दोन रेषा एकमेकींना तीन ठिकाणी छेदू शकतात, म्हणजे तेच पात्र, तोच माल, तोच प्रवाह असतानाही तीन निरनिराळ्या अवस्था संभवतात: एक थंड, जिच्यात क्रिया जवळजवळ होतच नाही, एक अतितप्त, जिच्यात ती पूर्णत्वास जाते आणि क्वचित मालही बिघडतो, आणि एक मधली, जी कारखानदाराला पुष्कळदा हवीशी वाटते पण जी टिकत नाही, कारण तापमान किंचित चढले की निर्मिती निष्कासनाच्या पुढे धावते आणि किंचित उतरले की मागे पडते. हे एवढे वॅन हेर्डेन या डच अभियंत्याने १९५३ साली सांगितलेच होते. अ‍ॅरिस आणि अ‍ॅमंडसन यांनी पुढे जाऊन दाखविले की केवळ या रेषांचा चढउतार पाहून स्थैर्याचा निवाडा करणे धोक्याचे आहे. तापमान आणि द्रव्याचे प्रमाण ही दोन्ही काळाबरोबर एकमेकांना ओढीत असतात, आणि त्यांच्या अरेषीय समीकरणांत अशीही स्थिती निघते की पात्र कोणत्याच एका अवस्थेत विसावत नाही, तर तापमान वर-खाली असे अखंड हेलकावे घेत राहते. अस्थिर अवस्था नियंत्रकाच्या बळाने धरून ठेवता येते. पण नियंत्रण कसे आणि किती लावले यावर ती स्थिर होईल की पात्र त्या हेलकाव्यात सापडेल हे अवलंबून असते. पात्र एकाएकी तापण्याचे अनुभव कारखान्यांतून पिढ्यानपिढ्या सांगितले जात होते. आता त्यांना कारणमीमांसा मिळाली.

आचार्यपदवी मात्र अजून नव्हतीच. ती त्याने १९६० साली पुन्हा लंडन विद्यापीठाकडूनच, पुन्हा बहिःस्थ विद्यार्थी म्हणून मिळविली. म्हणजे ज्या काळात तो मिनेसोटात पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करीत होता त्याच काळात तो स्वतः टपालाने पीएच.डी. करीत होता. प्रबंधाचा विषय रासायनिक पात्रांची इष्टतम रचना हा. आणि तो १९६१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला तेव्हा रिचर्ड बेलमन या गणितज्ञाच्या गतिक आयोजनाचे (डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचे) तंत्र रसायन अभियंत्यांच्या हाती प्रथमच नीटसपणे आले. पुढच्याच वर्षी सदिश, प्रदिश आणि द्रवगतिकीची मूलभूत समीकरणे यांवरील त्याचे पुस्तक आले, १९६५ मध्ये पात्रांच्या विश्लेषणाची प्रवेशिका आली, आणि १९७५ साली ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन मुद्रणालयाने सच्छिद्र उत्प्रेरकांतील विसरण आणि क्रिया यांच्या गणिती उपपत्तीवरील त्याचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. या शेवटच्या ग्रंथाविषयी माझे मत असे की, तो अथपासून इतिपर्यंत वाचणारे फार नसतील, पण या विषयात काम करणाऱ्याला तो बाजूला ठेवून चालत नाही.

एवढ्या गणिताची गरज होती काय, हा प्रश्न त्याच्या हयातीतच विचारला जाऊ लागला होता. अमेरिकेतील अभियांत्रिकी विद्यालयांत १९६० नंतर समीकरणांचा इतका सुकाळ झाला की पदवीधरांना प्रमेये ठाऊक असत, पण झडप कोणत्या बाजूने बसवायची हे विचारण्यासाठी त्यांना कारखान्यातील जुन्या मिस्त्रीकडे जावे लागे, अशी कारखानदारांची कुरकुर होती. तीत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. परंतु हा दोष अ‍ॅरिसच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. प्रतिकृती म्हणजे वस्तू नव्हे, ती कोणत्या हेतूने केली आहे यावर तिची योग्यता ठरते, हे १९७८ साली गणिती प्रतिकृतींवर लिहिलेल्या पुस्तकात तो पुनःपुन्हा बजावतो. दोष असलाच तर त्याच्या अनुयायांचा, ज्यांनी त्याची समीकरणे उचलली आणि विवेक मागे ठेवला.

आणि या मनुष्याचे मन केवळ समीकरणांत रमणारे नव्हतेच. त्याचे दुसरे प्रेम पुरालिपिशास्त्रावर होते. लॅटिन हस्तलिखितांतील अक्षरांची वळणे शतकाशतकांतून कशी पालटत गेली याचा त्याने इतका सखोल अभ्यास केला की मिनेसोटाच्या अभिजात भाषांच्या खात्यात तो हा विषय शिकवीत असे, आणि १९९० साली त्याने त्यावर एक देखणा ग्रंथ काढला. मोडी कागदांवर ज्यांनी डोळे शिणविले आहेत अशा आपल्याकडील संशोधकांना अक्षराच्या एका फाट्यावरून कागदाचा काळ ठरविण्यातील आनंद वेगळा सांगावयास नको. अ‍ॅरिसला तो आनंद समीकरणाच्या मांडणीतही मिळत असावा. विनोदबुद्धीही तशीच तल्लख. एका प्रतिष्ठित चरित्रकोशाने त्याचे नाव उलटे करून ‘अ‍ॅरिस रदरफर्ड’ या नावे माहिती मागविली. तेव्हा त्याने अ‍ॅरिस मॅकफर्सन रदरफर्ड नावाच्या एका स्कॉटिश ऊर्ध्वपातन-तज्ज्ञाचे संपूर्ण काल्पनिक चरित्र रचून, ग्लेनलिव्हेटच्या मद्यभट्ट्यांच्या परिसरातील एका काल्पनिक संस्थेची पदविका त्याला बहाल करून, ते पाठवून दिले. आणि कोशकारांनी ते गंभीरपणे छापले. केवळ कागदपत्रांवरून माणसांची योग्यता ठरविणाऱ्या व्यवस्थेची याहून मार्मिक चेष्टा कोणी केली असल्यास मला ठाऊक नाही.

मिनेसोटाच्या या गुरुकुलाचा धागा आपल्या माटुंग्यापर्यंतही येऊन पोचतो. १९३३ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान खात्यातून, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या यूडीसीटीमधून, १९६० साली पदवी घेऊन बाहेर पडलेले दोरैस्वामी रामकृष्ण मिनेसोटास गेले आणि १९६५ साली तेथे पीएच.डी. झाले. कानपूरच्या आयआयटीत अध्यापन करून ते पुढे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात स्थायिक झाले, आणि अ‍ॅमंडसनबरोबर त्यांनी लिहिलेला रेषीय कारकांवरील ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला. इकडे पुण्याच्या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेतील एल. के. दोरैस्वामी आणि माटुंग्याचे मनमोहन शर्मा यांनी मिळून विषमप्रावस्था क्रियांवर १९८४ साली जे दोन खंड काढले, त्यांत ऑक्सफर्डच्या त्या द्विखंडात्मक ग्रंथाच्या परंपरेला प्रयोगशाळेची आणि कारखान्याची भक्कम जोड दिलेली आढळते. हे एल. के. दोरैस्वामीही पुढे, १९८९ साली प्रयोगशाळेच्या संचालकपदाची मुदत पुरी झाल्यावर, अमेरिकेत आयोवा येथे प्राध्यापक म्हणून गेले. अ‍ॅरिस तिशीच्या आत गेला, दोरैस्वामी साठीनंतर. पण विद्वान माणूस काम जेथे करता येईल तेथे जातो, त्यास तक्रारीने अडविता येत नाही.

अ‍ॅरिसला मान-मरातब यथाकाल मिळाले. १९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने त्याला सदस्य करून घेतले, अ‍ॅमंडसननंतर काही वर्षे खात्याची धुरा त्याने वाहिली, आणि १९७८ साली विद्यापीठाने रीजंट्स प्रोफेसर हा आपला सर्वोच्च अध्यापकीय हुद्दा त्याला दिला. अखेरच्या वर्षांत त्याला कंपवाताने गाठले, आणि २ नोव्हेंबर २००५ रोजी मिनेसोटातील इडायना या गावी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, तो निवर्तला.

आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापकांना एक विनंती आहे. अ‍ॅरिसचे सदिश आणि प्रदिशांवरील १९६२ चे पुस्तक, पात्रांच्या विश्लेषणावरील प्राथमिक पुस्तक आणि प्रतिकृतींवरील पुस्तक, ही तिन्ही डोव्हर प्रकाशनाने स्वस्त आवृत्तीत काढलेली आहेत. विद्यार्थ्यांच्या हाती परीक्षेची मार्गदर्शके देण्यापूर्वी त्यांतील एक तरी द्यावे. आणि गणिताचा पदवीधर रसायन अभियांत्रिकीच्या जागेसाठी अर्ज घेऊन आला, तर केवळ विषय जुळत नाही म्हणून तो दप्तरदाखल करू नये.